माथेरानचा घाट आणि सीटखालचं इंजिन

माथेरानला जायचं ठरलं की घरात ठरावीक प्रश्न निघतात. राहायचं कुठे? मिनी ट्रेनचं तिकीट मिळेल का? दस्तुरी नाक्यापासून आत चालत जायचं की घोड्यावर? आणखी एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. नेरळहून ज्या गाडीने आपण घाट चढणार, तिचे स्पार्क प्लग शेवटचे कधी पाहिले होते?

हा प्रश्न मेकॅनिकचा आहे, आपला नाही, असं तुम्हाला वाटेल. पण नेरळच्या टॅक्सीत किंवा घरच्या ओम्नी-ईकोमध्ये पुढे बसलात तर ते प्लग तुमच्यापासून हातभरही लांब नसतात. इंजिन तुमच्या सीटखालीच असतं. जवळ असूनही तिथे हात पोचवणं मात्र कठीण. म्हणूनच सर्व्हिसिंगच्या वेळी ते काम ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून राहून जातं आणि त्याचा हिशेब घाटात लागतो.

नेरळपासून वर

कर्जत लोकलने नेरळला उतरून स्टेशनबाहेर आलात की माथेरानच्या टॅक्सी उभ्या दिसतात. त्यात कित्येक वर्षं ओम्नीचं राज्य होतं, आता ईकोही दिसते. प्रवासी भरले की गाडी निघते. गाव मागे पडतं आणि थोड्याच वेळात चढ सुरू होतो.

या डोंगरावर जायचे दोन रस्ते आहेत आणि दोघांची तऱ्हा वेगळी. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेली छोटी रेल्वे 1907 मध्ये सुरू झाली. जेमतेम दोन फुटी रुळांवरून ती वळणं घेत सुमारे 21 किलोमीटरचा प्रवास करते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी तिची वाटेतली स्टेशनं. तिचा सर्वांत कठीण चढ 1:20, म्हणजे 20 मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. डांबरी रस्त्याला एवढी उसंत नाही. तो जवळपास तीच उंची निम्म्याहून कमी लांबीत गाठतो. वाटेत रूळ त्याला काही ठिकाणी आडवे येतात. गाडी तिथे हळू होते आणि पुन्हा पहिल्या गिअरमध्ये ओढायला लागते.

पावसाळ्यात हा घाट देखणा असतो. कड्यावरून पाणी रस्त्यावर उतरतं, धुकं काचेला येऊन टेकतं, मुलं खिडकीबाहेर हात काढायला बघतात. त्याच वेळी सीटखालचं इंजिन दिवसातलं सर्वांत जड काम करत असतं. गाडीत माणसं भरलेली, टपावर बॅगा, खाली ओला रस्ता आणि गाडीचा वेग कमी असल्याने इंजिनावर येणारा वाराही तुटपुंजा.

इंजिन सीटखाली का गेलं?

मारुतीची व्हॅन 1984 मध्ये आली, पुढे तिचंच नाव ओम्नी झालं. तिचा मूळ आराखडा सुझुकीच्या ‘कॅरी’ या जपानी व्हॅनचा. जपानमध्ये छोट्या गाड्यांच्या वर्गासाठी लांबी-रुंदीची मर्यादा ठरलेली असते. त्या मापात जास्तीत जास्त माणसं आणि माल बसवायचा तर पुढे बॉनेटसाठी जागा घालवून चालत नाही. म्हणून इंजिन मागे सरकवून पुढच्या सीटखाली घातलं. जेमतेम 3.4 मीटर लांबीच्या गाडीत अख्खं कुटुंब मावायचं ते याच युक्तीमुळे. शाळेची व्हॅन, गावातली रुग्णवाहिका, भाजीवाल्याची गाडी आणि लग्नाचा आहेर पोचवणारी गाडी, अशी सगळी कामं तिने केली. 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. 2010 मध्ये आलेली ईको मोठ्या इंजिनाची आहे, पण तिचंही इंजिन पुढच्या सीटखालीच.

गंमत बघा. ओम्नीचं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन मारुती 800 च्या इंजिनाचंच भावंडं. 800 मध्ये बॉनेट उघडलं की हात लगेच पोचायचा. व्हॅनमध्ये तेच काम करायचं तर आधी माणसं उतरवा, सीट उचला, मॅट गुंडाळा, झाकण काढा आणि मग अंधाऱ्या खड्ड्यात बॅटरी मारून बघा. इंजिन तेच, जागा बदलली आणि दहा मिनिटांचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं झालं.

घाटात प्लगला काय सोसावं लागतं

स्पार्क प्लगचं काम सांगायला सोपं. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा दाबली गेली की नेमक्या क्षणी एक ठिणगी पाडायची. त्यासाठी प्लगच्या टोकाशी असलेल्या छोट्या फटीतून हजारो व्होल्टची वीज उडी मारते. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे फिरत असेल तर प्रत्येक प्लग मिनिटाला 1,500 वेळा ठिणगी पाडतो. 20 मिनिटांच्या चढात हा आकडा 30,000 होतो.

सपाट रस्त्यावर प्लग थोडा थकला असला तरी गाडी चालवून घेते. घाटात मात्र ॲक्सिलरेटर जास्त दाबलेला असतो, सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाब वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजून फट वाढलेला प्लग नेमका इथे हार मानतो. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत तर पेट्रोलपेक्षाही जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून ‘शहरात तर ठीक चालते’ हा दाखला घाटासाठी पुरेसा नाही.

तीन सिलिंडरच्या ओम्नीत एक प्लग बसला की जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेली. चार सिलिंडरच्या ईकोत एक चतुर्थांश. गाडी झटके देते, उभी असताना थरथरते, पिकअप जातो. मेकॅनिकच्या भाषेत ‘मिसिंग मारते’. चढावर ड्रायव्हर मग क्लच अर्धा दाबून गाडी रेटत राहतो आणि जळका वास येऊ लागतो. शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तो प्रमाणाबाहेर तापतो आणि निकामीही होऊ शकतो. दोन-चारशे रुपयांच्या वस्तूकडे केलेलं दुर्लक्ष हजारोंचा भाग खातं, ते असं.

पावसाचंही एक आहेच. या गाड्यांचं इंजिन खालून बऱ्यापैकी उघडं असतं. चाकांनी उडवलेलं पाणी आणि चिखल वर येतो. प्लगची वायर किंवा तिची रबरी टोपी तडकलेली असेल तर वीज प्लगपर्यंत पोचण्याआधीच ओलाव्यातून बाजूच्या धातूत उतरते. पावसात मिसिंग आणि ऊन पडल्यावर गाडी ठणठणीत, असं होत असेल तर प्लगबरोबर वायरी आणि टोप्याही तपासायला सांगा.

हात पोचवायचा कसा

स्वतः करणार असाल किंवा गॅरेजमध्ये शेजारी उभं राहून बघणार असाल, तरी हा क्रम लक्षात ठेवा.

पहिली अट, इंजिन थंड हवं. सीटखालच्या खोक्यात उष्णता कोंडून राहते, त्यामुळे गाडी बंद करून दहा मिनिटांत हात घातला तर भाजतो. शिवाय हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम हेडमधून प्लग काढताना त्याच्याबरोबर हेडमधले आटेही निघून येण्याची भीती असते. सर्वांत उत्तम वेळ सकाळची, गाडी सुरू करण्याआधीची. चावी काढून ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा.

सीट आणि झाकण काढल्यावर लगेच पाना लावू नका. आधी साफसफाई. प्लगच्या भोवती वाळू, माती, सुकलेली पानं साठलेली असतात. प्लग निघाला की तो कचरा थेट सिलिंडरमध्ये पडतो. म्हणून ब्रशने झाडून घ्या, जमलं तर हवा मारून घ्या. डोळ्यांवर चष्मा असू द्या.

मग एका वेळी एकच प्लग. सगळ्या वायरी एकदम काढल्या तर कुठली कुठे जायची याचा गोंधळ होतो आणि क्रम चुकला तर गाडी फटाके फोडते. टोपी काढताना वायरला ओढू नका. टोपीलाच धरून थोडं फिरवा आणि सरळ वर घ्या. ज्या गाडीत वायरीऐवजी प्रत्येक प्लगवर कॉइल आहे, तिथे कनेक्टरची कळ दाबून मगच तो काढायचा. जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, घाई केली की कळ तुटते.

आता खरी अडचण, अंधारी आणि अरुंद जागा. तिथे लांब दांड्याचा पाना फिरतच नाही. म्हणून प्लगची खास गोटी लागते. तिच्या आत रबर असतं, ते प्लगला पकडून ठेवतं. प्लगप्रमाणे 16 किंवा 21 मिलिमीटरची गोटी, तिला छोटी-मोठी एक्स्टेन्शन आणि कोनात वळणारा सांधा जोडायचा. एक लांब दांडी घालण्यापेक्षा दोन छोट्या आत नेऊन तिथेच जोडणं पुष्कळदा सोपं जातं. गोटी प्लगवर सरळ बसली आहे ना, हे बोटाने चाचपून बघा. तिरकी बसलेली गोटी प्लगचं चिनी मातीचं अंग तडकवते. ती चीर डोळ्यांना दिसत नाही, पण वीज तिथूनच पळते.

प्लग काढण्यापेक्षा बसवणं नाजूक. अडचणीच्या जागेत प्लग तिरका लागला आणि पान्याने जोर केला की हेडचे आटे गेले. यावर गॅरेजांत एक साधी युक्ती वापरतात. पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा घ्या, तो प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसवा आणि नळी बोटांनी फिरवत प्लग आट्यांत उतरवा. प्लग सरळ लागला असेल तर तो गुमान फिरत जातो. तिरका लागला तर नळीच घसरते, आटे खराब होत नाहीत. चार-पाच फेरे सहज गेले की नळी काढा आणि पाना लावा.

किती आवळायचा? वॉशर असलेला नवा प्लग हाताने पूर्ण बसल्यावर पुढे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो. वॉशर नसलेला, शंकूसारखा बसणारा प्लग असेल तर फक्त सोळाव्या भागाएवढा. जुनाच प्लग परत लावत असाल तर त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो, तिथे नव्यापेक्षा बरंच कमी आवळायचं. ‘अजून थोडा, म्हणजे सैल होणार नाही’ हा मोह टाळा.

शेवटची पायरी तुमच्या घरच्यांसाठी सर्वांत महत्त्वाची. झाकण आणि त्याच्या कडेचं रबर जसंच्या तसं बसलं पाहिजे. ते रबर निसटलं तर इंजिनाची उष्णता, पेट्रोलचा वास आणि धुराचा विषारी वायू थेट माणसं बसतात तिथे येतो. सीट खटका लागेपर्यंत दाबा आणि दोन्ही हातांनी हलवून बघा. घाटातल्या वळणावर सीट सुटणं परवडणारं नाही.

जुना प्लग काय सांगतो

गॅरेजमध्ये एक सवय लावून घ्या. काढलेले जुने प्लग बघायला मागा आणि मोजा. ओम्नीचे तीन, ईकोचे चार. ते कोणत्या सिलिंडरचे, त्याच क्रमाने कागदावर मांडायला सांगा.

टोकाला बिस्किटासारखा फिकट तपकिरी रंग असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर चोंदला आहे किंवा गाडी फक्त जवळच्या फेऱ्यांत वापरली जाते. ओला, तेलकट काळा प्लग म्हणजे इंजिनातलं ऑइल वर येतंय. तिथे नुसता प्लग बदलून भागणार नाही. पांढराफटक, फोड आलेला प्लग जास्त तापल्याची खूण आहे आणि अशी गाडी घाटात नेण्याआधी नीट तपासून घ्यायला हवी. एकच प्लग वेगळा दिसत असेल तर दोष त्याच सिलिंडरमध्ये शोधायचा.

प्लग किती किलोमीटरला बदलायचा, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. साधे प्लग लवकर बदलावे लागतात, इरिडियमचे जास्त टिकतात. फटीचं मापही तिथेच असतं. गाडी सीएनजीवर असेल तर त्यासाठीचं माप वेगळं आहे का, हे विचारून घ्या.

ही गोष्ट फक्त व्हॅनची नाही

तुमच्याकडे व्हॅन नसली तरी वाचत राहा. 2009 मध्ये आलेल्या टाटा नॅनोचं 624 सीसीचं इंजिन मागे आहे. प्लग दोनच, पण तिथे जायचं तर मागची सीट पाडा, सामान बाहेर काढा आणि मग इंजिनावरच्या झाकणाचे बोल्ट खोला.

2003 च्या पिढीतल्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनाची तऱ्हा आणखी निराळी. सिलिंडर चार, पण प्रत्येकाला दोन याप्रमाणे प्लग आठ. पुढचे चार बॉनेट उघडताच दिसतात. मागचे चार समोरच्या काचेखाली, वायपरच्या पट्टीआड दडलेले. ही गाडी तुम्ही जुनी विकत घेतली असेल तर विचारायचा प्रश्न सोपा आहे: आठही बदलले का? चारच जुने प्लग हातात आले, तर उरलेले चार कुठे आहेत ते तुम्हाला आता माहीत आहे.

गाड्या वेगवेगळ्या, पण सगळीकडे दुर्लक्ष होतं ते अवघड जागेकडेच. घरात दिवाळीच्या साफसफाईला कपाटामागची जागा राहते, तसंच. त्यात मेकॅनिकचा दोष काढण्याआधी हेही बघा, की सीट काढून प्लग बदलण्याची मजुरी आपण द्यायला तयार असतो का? ‘फक्त ऑइल बदला, बाकी राहू दे’ असं आपणच म्हणतो. वेळ आणि मजुरी दोन्ही देऊन हे काम आवर्जून सांगा. घाटाच्या सहलीआधी दोन-तीन दिवस सांगा, आदल्या रात्री नको. म्हणजे काम झाल्यावर गावातल्या एखाद्या चढावर गाडी चालवून बघता येते.

घाटात गाडी अडखळलीच तर

टॅक्सीत बसलात तर प्लग बघायला मागता येणार नाही, पण कान उघडे ठेवता येतात. नेरळलाच गाडी उभ्या उभ्या झटके देत असेल तर दुसरी टॅक्सी घ्या. यात संकोच कसला?

स्वतःची गाडी चढावर मिसिंग मारू लागली तर रेटत राहू नका. वळणावर न थांबता, मागच्याला दिसेल अशा रुंद जागी घ्या. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, चाकामागे दगड लावा, इंडिकेटर चालू ठेवा. मुलांना आणि वडीलधाऱ्यांना डोंगराच्या बाजूने उतरवा, दरीच्या बाजूने नाही. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका आणि त्यावर पाणी तर मुळीच ओतू नका. पेट्रोल किंवा गॅसचा वास येत असेल तर गाडी बंद करून सगळ्यांनी लांब जा आणि मदत बोलवा.

दस्तुरी नाक्यावर

एवढी चढण चढून तुम्ही दस्तुरीला पोचता आणि तिथे इंजिनाची हद्द संपते. ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये या डोंगरावर आले आणि पुढे इथे थंड हवेचं ठिकाण वसलं. सुमारे 800 मीटर उंचीवरच्या या गावात तुमच्या-आमच्या गाड्यांना प्रवेश नाही. 2003 मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. गावात रुग्णवाहिका चालते आणि डिसेंबर 2022 पासून प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा आल्या. बाकी घोडा, अमन लॉजहून सुटणारी शटल किंवा आपले पाय. लाल मातीच्या वाटेने झाडीतून चालताना हॉर्न ऐकू येत नाही, ही माथेरानची खरी श्रीमंती.

तुम्ही पॅनोरमा पॉइंटवर सूर्योदय बघत असता, शार्लोट लेकच्या काठी माकडांपासून भुट्टा वाचवत असता, तेव्हा गाडी दस्तुरीच्या पार्किंगमध्ये थंड होत असते. चढताना तिने कुरकुर केली असेल तर परतीच्या दिवशी सगळ्यांना बसवून मग चावी फिरवू नका. त्या सकाळी इंजिन गार असतं आणि सीट उचलायला हीच योग्य वेळ. सामान चढवण्याआधी नेरळहून मेकॅनिकला वर बोलवा आणि प्लग, वायरी बघून घ्या.

उतरताना इंजिनावर जोर नसतो, मग प्लगचं काय अडणार, असं वाटणं साहजिक आहे. पण उतारावर इंजिन बंद पडलं तर ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंतच साथ देतो, मग पेडल कडक होतं. म्हणून पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून किंवा चावी बंद करून घाट कधीच उतरू नका. ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. वर येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या, कारण चढावर थांबलेली भरलेली व्हॅन पुन्हा हलवणं किती कठीण असतं, हे तुम्हाला आता ठाऊक आहे.